माणसांच्या फोटोचं एकरंगी चित्र: थ्रेशोल्डच्या पुढे काय करायचं?

अर्धवट_रेघ

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या गटाच्या प्रशिक्षकांचा चेहरा टी-शर्टवर छापायचा आहे. एकच शाई, मधल्या राखाडी छटा नाहीत, मागे काही नाही. भिंतींवर स्टेन्सिलने उडवलेले चेहरे असतात तसं काहीतरी डोक्यात आहे. सरांना दाढी आहे, चष्मा आहे. फोटो मोबाइलवर समोरून काढलेला.

फोटोशॉपमध्ये थ्रेशोल्ड लावला तर सुरुवातीलाच, म्हणजे १२८ वर (० पूर्ण काळा, २५५ पूर्ण पांढरा), अर्धा चेहरा काळा. आकडा कमी केला की चेहरा उजळतो, पण नाक आणि हनुवटी पुसली जाते. सर म्हणजे दोन डोळे आणि एक दाढी, बस्स. आकडा वाढवला की दाढी, मान आणि केस यांचा सलग डाग. मधे कुठे थांबावं ते कळत नाही. जिथे पाहावं तिथे 'थ्रेशोल्ड लावा, झालं!' एवढंच सांगतात. पुढे काय करायचं असतं? फोटोंसाठी गिंप आणि रेघांच्या चित्रांसाठी इंकस्केपही आहे माझ्याकडे, बऱ्यापैकी चालवता येतात.

पिक्सेलपंत

मधे कुठे थांबावं ते कळत नाही, कारण तशी जागा बहुतेक फोटोंत नसतेच. थ्रेशोल्ड प्रत्येक पिक्सेलला एकच गोष्ट विचारतो: तू या आकड्यापेक्षा उजळ की गडद? उजळ असेल तर पांढरा, नाहीतर काळा. शेजारी कोण आहे, हा डोळा आहे की शर्टाचं बटण, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आता चेहऱ्याचं बघा. भुवईखालची सावली समजा ९० च्या आसपास, गालाची कडा १५०, दाढीतले उजेड पडलेले केस ६०. या तिघांना एकच आकडा लावणं म्हणजे अख्ख्या घराला एकाच मापाचा सदरा शिवणं.

म्हणून एक न लावता तीन-चार लावा. फोटोच्या लेयरच्या तेवढ्या प्रती काढा आणि प्रत्येकीवर वेगळा थ्रेशोल्ड. एक चेहऱ्याच्या मोठ्या सावल्यांसाठी, ही सगळ्यात खाली. एक केस-दाढीसाठी, इथे आकडा बराच खाली न्या, म्हणजे दाढीत चार पांढऱ्या बटा उमटतात आणि ती दाढी वाटते, डाग नाही. एक फक्त डोळ्यांसाठी. वरच्या प्रतींना काळा मास्क (लेयर झाकणारा पडदा) द्या आणि पांढऱ्या ब्रशने हवा तेवढाच भाग उघडा. जोड दिसेल अशी भीती वाटते, पण दिसत नाही. जोड पूर्ण काळ्या किंवा पूर्ण पांढऱ्या भागातून काढला की झालं.

दुसरी रीत मला जास्त आवडते. सगळ्यात वर थ्रेशोल्डचा ॲडजस्टमेंट लेयर, म्हणजे खालचा फोटो न बदलता वरून परिणाम लावणारा. त्याच्या खाली, फोटोच्या वर, ५० टक्के राखाडी भरलेला लेयर ओव्हरले मोडमध्ये. राखाडी तिथे दिसत नाही. आता त्या लेयरवर मऊ ब्रश, अपारदर्शकता १० टक्क्यांच्या आसपास, आणि काळा-पांढरा रंग घेऊन हलके हात फिरवा. सावलीची कडा डोळ्यांदेखत सरकते. हनुवटी हवी? तिच्याखाली थोडा काळा. गालावर भलताच डाग? तिथे थोडा पांढरा. एकदा याची सवय झाली की नुसत्या स्लायडरकडे परत जाववत नाही.

गिंपमध्ये आधी ॲडजस्टमेंट लेयर नव्हते. ३.० (२०२५) पासून फिल्टर लेयरवर तसाच राहतो, पुन्हा उघडून आकडा बदलता येतो. जुनी आवृत्ती असेल तर फोटो आधी कृष्णधवल करा आणि वर राखाडी लेयर हार्ड मिक्स मोडमध्ये ठेवा. राखाडी जितका गडद, तितकं चित्र काळवंडतं. थ्रेशोल्डचंच काम करतो तो.

दीड_शहाणी

पंतांचं सगळं बरोबर, पण आधी फोटो बदला की! सर जिवंत आहेत, भेटतात, मग समोरून काढलेल्या सपाट फोटोशी झटापट कशाला?

खिडकीजवळ उभं करा, खोलीतले दिवे बंद. उजेड एका बाजूने, डोक्याच्या जरा वरून, ढोबळमानाने ४५ अंशांतून. नाकाची सावली एका गालावर पडली, दुसरा गाल उजळ राहिला, की चित्र निम्मं तिथेच झालं. फ्लॅश समोरून मारला तर सावल्या डोक्यामागे जाऊन लपतात आणि चेहऱ्यावर काही उरत नाही.

आणि मोबाइलचं एचडीआर. ते सावल्या वर उचलतं, उजेड खाली दाबतं, सगळा चेहरा मधल्या छटांत आणून ठेवतं. बघायला छान, आपल्या कामाला वैरी. बंद करता येत असेल तर बंद करा, रॉ, म्हणजे मोबाइलने न सजवलेला फोटो, निघत असेल तर रॉ काढा.

पार्श्वभूमीसुद्धा अगदीच बिनकामाची नसते. चेहऱ्याची उजळ बाजू गडद भिंतीवर आणि सावलीतली बाजू उजळ भिंतीवर आली, तर कडा आपोआप सुटतात. हे जमवायला माणसाला दोन पावलं इकडेतिकडे सरकवावं लागतं, बाकी काही नाही.

विनाकारण_वाचक

वाचनखूण साठवली आहे. माझ्या मते एकरंगी म्हणजे निळसर किंवा तपकिरी झाक दिलेला फोटो. तेही यातच येतं का?

पिक्सेलपंत

@विनाकारण_वाचक, ते वेगळं. त्यात छटा सगळ्या असतात, फक्त रंगाची जात एक. त्यासाठी ग्रेडियंट मॅप: गडद टोकाला एक रंग, उजळ टोकाला दुसरा, दोन मिनिटांचं काम. पडद्यावर छान दिसतं. इथे मात्र एकतर शाई आहे किंवा नाही, मधलं काही नाही.

शाईचे_डाग

एक गोष्ट कुणीच विचारली नाही. टी-शर्ट कुठल्या रंगाचा आणि शाई कुठली?

अर्धवट_रेघ

काळा टी-शर्ट, पांढरी शाई. का हो?

शाईचे_डाग

कारण तुम्ही आत्तापर्यंत सावल्यांचं चित्र करताय आणि छापणार आहात पांढऱ्याने. स्क्रीन प्रिंटिंगच्या, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापायच्या, फिल्मवर जे काळं, तिथे शाई उतरते. तुमचं चित्र आहे तसं फिल्मवर गेलं तर केस, भुवया, दाढी पांढऱ्या शाईत येतील आणि गाल-कपाळ टी-शर्टचं काळं. म्हणजे सरांचं निगेटिव्ह.

आणि निगेटिव्हमधला माणूस ओळखू येत नाही, रोजचा असला तरी. १९७० साली गॅल्पर यांनी निगेटिव्हमधले चेहरे ओळखण्यावर प्रयोग केले होते, त्यानंतरही हे वारंवार दिसून आलं आहे. कडा त्याच, मापं तीच, फक्त उजेड आणि अंधाराची अदलाबदल, तरी ओळख ढासळते. टी-शर्टच्या कामात मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता कापडाचा रंग पहिला विचारतो.

तेव्हा गडद कापडासाठी उजेडाचं चित्र करायचं. फाइलमध्ये सगळ्यात खाली काळा लेयर ठेवा आणि कपाळ, गाल, नाकाचा दांडा असे उजळ भाग पांढरे म्हणून बघा. शाई त्यांचीच लागणार. छापणाऱ्याला फाइल देताना 'पांढरं ते छापायचं' असं स्पष्ट लिहा, फिल्मसाठी उलटं तो करेल. चेहऱ्यामागची भिंत पांढरी राहिली असेल तर ती काळी करायला विसरू नका, नाहीतर सरांच्या मागे पांढरी चौकट छापून येईल.

आणखी दोन गोष्टी. काळ्या कापडावर केसांची बाहेरची कडा कापडात विरून जाते. तिला ओढूनताणून आणू नका, ती तशीच चांगली दिसते. दुसरं म्हणजे पांढरी शाई जाड. गडद कापडावर ती बहुतेक वेळा दोनदा मारावी लागते, आणि दुसऱ्या हाताला बारीक फटी बुजतात. प्रत्यक्ष छपाईच्या मापात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ किंवा फट नसलेली बरी.

अर्धवट_रेघ

अरे देवा. हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. आज रात्री काळा लेयर खाली ठेवून पुन्हा बसते.

पिक्सेलपंत

शाईवाल्यांना दंडवत. कापडाचा रंग मी विचारायला हवा होता.

बसणारच आहात तर आणखी एक. फोटो कृष्णधवल कसा करता यावर बरंच ठरतं. नुसतं रंग काढून टाकलं की सॉफ्टवेअर सहसा तिन्ही चॅनेल ठराविक वजनांनी मिसळतं. जुन्या दूरदर्शनच्या प्रमाणात लाल ०.२९९, हिरवा ०.५८७, निळा ०.११४. ही वजनं डोळ्याला काय उजळ वाटतं त्यावर बेतलेली. चेहऱ्याचं चित्र करताना ती पाळायचं बंधन आपल्यावर नाही.

तिन्ही चॅनेल एकेक करून बघा. वर्ण कुठलाही असो, साध्या उजेडात त्वचा लाल चॅनेलमध्ये सगळ्यात उजळ आणि गुळगुळीत दिसते. डाग, मुरमं, लाली बरीचशी नाहीशी. निळ्यात नेमकं उलटं, सगळं खरखरीत, वर मोबाइलच्या फोटोत निळा चॅनेल कचऱ्याने भरलेला. मग लालच घ्यावा? घ्या, पण ओठ गेले म्हणून समजा. ओठ लालसर, त्यामुळे लाल चॅनेलमध्ये ते गालाइतकेच उजळ. ओठ आणि डोळे हिरव्यातून उचलायचे. फोटोशॉपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट ॲडजस्टमेंटचे सहा स्लायडर आणि गिंपमध्ये मोनो मिक्सर याच कामाचे.

दीड_शहाणी

+१. लाल चॅनेलने दहा वर्षांनी तरुण होतो माणूस.

जुनी_डार्करूम

धागा वाचून हात शिवशिवले. हे सगळं आम्ही संगणकाशिवाय करायचो. लिथ फिल्म म्हणून एक प्रकार होता, तिला राखाडी ठाऊकच नव्हता. जिथे पुरेसा उजेड लागला तिथे गच्च काळी, नाहीतर स्वच्छ. पंत म्हणतात तसे तीन थ्रेशोल्ड आम्हीही लावायचो. एकाच निगेटिव्हवरून कमी-जास्त एक्स्पोजरच्या दोन-तीन लिथ काढायच्या, एकीतले केस बरे, दुसरीतला गाल बरा, मग एकमेकींवर बसवून पुन्हा एक प्रत. शेवटी लाइट टेबलवर फिल्म ठेवून सुईच्या टोकाएवढी भोकं ब्रशने बुजवत बसायचं. मान मोडायची.

या जातीचं जगात सगळ्यात जास्त छापलं गेलेलं चित्र क्रांतिकारक चे गव्हेराचं असावं. आल्बेर्तो कोर्दाने तो फोटो ५ मार्च १९६० ला हवानामध्ये काढला. १९६८ साली आयर्लंडच्या जिम फिट्झपॅट्रिकने त्यावरून लाल-काळं पोस्टर केलं आणि पुढे ते टी-शर्टांवर जाऊन बसलं. मूळ चौकटीत एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला झाडाची पानं आहेत. ती कापली, तेव्हा हा चेहरा सुटा झाला. मी तो चेहरा नेहमी असा बघतो: वर टोपी, दोन्ही बाजूंना केस, खाली दाढी. उजळ चेहऱ्याला सगळीकडून गडद चौकट मिळालेली. बाह्यरेषा काढायची गरजच पडली नाही. तेव्हा अर्धवट रेघताई, सरांची दाढी तुम्ही अडचण म्हणून सांगितलीत, मला ती भांडवल वाटते.

सावलीतली

मी हातानेच काढते, पेन टूल घेऊन. सॉफ्टवेअरने दिलेल्या डागांवरून माग काढत जाते, पण शेवटचा हात माझा. त्यामुळे थोडं वेगळं सांगते: काय ठेवायचं यापेक्षा काय टाकायचं.

सगळ्यात आधी जबड्याची रेघ. नवखे लोक हनुवटीपासून कानापर्यंत एकसारखी रेघ ओढतात, कारण चेहरा 'बंद' व्हायला हवा असं वाटतं. ती रेघ आली की बाकी सावल्यांनी घडवलेला चेहरा एकदम व्यंगचित्र होतो. गाल पार्श्वभूमीत उघडाच विरू द्या. बघणारा तो मनात पूर्ण करतो. १९५७ साली क्रेग मूनी या मानसशास्त्रज्ञाने मुलांना नुसत्या काळ्या-पांढऱ्या डागांतले चेहरे दाखवले होते, तशा चित्रांना आजही मूनी चेहरे म्हणतात. त्यांत बाह्यरेषा जवळपास नसतेच. कुठे नाक, कुठे डोळा हे सुटं सुटं पाहिलं तर कळत नाही, आणि एकदा चेहरा दिसला की तो पुन्हा नुसता डाग होत नाही.

दात. एकेका दातामधली फट थ्रेशोल्ड फार प्रेमाने राखतो. सगळ्या पुसा. हसणं म्हणजे एक सलग पांढरा आकार, बस्स. फटी ठेवल्या तर माणूस साठीचा दिसतो आणि वर भीतिदायक.

नाक म्हणजे दोन नाकपुड्या आणि एका बाजूची सावली. दुसरी बाजू टाका. खालच्या ओठाची कडा काढू नका, ओठाखालची छोटी सावली ठेवा, ओठ तिच्यातून दिसतो. डोळ्यात मात्र कंजुषी नको. बुबुळावरचा उजेडाचा ठिपका एक का होईना पण राहिलाच पाहिजे. तो फोटोत नसेल तर मी सरळ घालते. लबाडी म्हणा हवं तर.

चित्र मोठं करून काम करता करता नजर बिघडते. अधूनमधून ते पडद्यावर नखाएवढं करून बघा. तिथे सर ओळखू येत नसतील तर नाकपुडीचे कोपरे गुळगुळीत करून काही होणार नाही.

उगाच_एक_प्रश्न

एवढी मेहनत कशाला, एआयला फोटो द्या आणि 'स्टेन्सिल कर' म्हणा. नाहीतर थ्रेशोल्डमध्ये ऑटो बटण असतं ना?

सावलीतली

देऊन पाहिलाय. चित्र देखणं येतं, माणूस दुसराच असतो. ती साधनं तुमच्या फोटोतले पिक्सेल गाळत नाहीत, फोटो बघून नवा चेहरा रंगवतात. ज्याची एक भुवई वर असते त्याच्या दोन्ही सारख्या करतात. अहो, ओळख त्या भुवईतच होती! शिक्क्यासाठी 'कुणीतरी दाढीवाला' हवा असेल तर खुशाल वापरा. पार्श्वभूमी कापायला मात्र मीही एआयच घेते, तिथे ते केसांशी माझ्यापेक्षा बरं वागतं.

पिक्सेलपंत

ऑटोबद्दल: आपोआप आकडा निवडायच्या पद्धती आहेत. सगळ्यात प्रसिद्ध नोबुयुकी ओत्सू यांची, १९७९ ची. ती पिक्सेलांचे दोन गट असे पाडते की गटांमधला फरक जास्तीत जास्त व्हावा. छापील पानावर बिनचूक चालते, कारण तिथे खरंच दोन गट असतात, शाई आणि कागद. चेहऱ्यात तसे दोन गट नसतात. ती काढेल तो आकडा सुरुवातीला घ्या, शेवटचा म्हणून नको.

अर्धवट_रेघ

मोठी प्रगती! दीड शहाणीताईंचं ऐकून खिडकीपाशी नवीन फोटो काढला, लाल चॅनेल घेतला, राखाडी लेयरवर सावल्या सरकवल्या. गाल आणि कपाळ छान आलं. आईला दाखवलं, तिने लगेच ओळखलं.

पण चष्मा. बारीक तारेची फ्रेम आहे, ती तुटक तुटक येते. आकडा बदलून ती आणली की गाल बिघडतो. आणि कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात, त्यांचं काय करू?

तीन_पायांचा_स्टँड

चष्म्याला हाय पास. फोटोच्या प्रतीवर हाय पास फिल्टर लावा. तो मोठ्या सावल्या काढून टाकतो आणि आजूबाजूपेक्षा वेगळं असेल तेवढंच ठेवतो, बाकी सगळं मधला राखाडी. त्रिज्या फ्रेमच्या तारेच्या जाडीहून थोडी जास्त. मग त्यावर थ्रेशोल्ड, १२८ च्या जरा खाली. तार, पापण्या, भुवयांचे केस सलग येतील. ही प्रत मल्टिप्लाय मोडमध्ये तुमच्या चांगल्या गालाच्या वर ठेवा आणि मास्कने फक्त चष्मा उघडा. अख्ख्या चेहऱ्यावर ठेवलीत तर प्रत्येक सुरकुती हजर होईल.

तार तरीही तुटली तर हाताने ओढा. चष्म्याची फ्रेम ही मुळातच रेघ आहे, ती रेघ म्हणून काढायला हरकत नाही. काचेवरचं उजेडाचं प्रतिबिंब डोळ्यावर येत असेल तर पुसून टाका.

पायऱ्यांसाठी: थ्रेशोल्डच्या आधी चित्र तिप्पट-चौपट मोठं करा आणि थोडा गॉसियन ब्लर द्या. ब्लर ऐकून लोक दचकतात, पण थ्रेशोल्ड नंतर कडा धारदारच करतो. ब्लरने फक्त किडमिड जाते आणि वळणं गोल होतात. पडद्यासाठीच चित्र हवं असेल तर थ्रेशोल्डऐवजी लेव्हल्समध्ये काळं आणि पांढरं टोक एकमेकांच्या अगदी जवळ आणा, १२० आणि १३६ वगैरे. कडेला केसभर राखाडी उरतो आणि डोळ्याला पायऱ्या दिसत नाहीत.

रेघबहाद्दर

छापायचं असेल तर शेवटी वेक्टर करा, म्हणजे पिक्सेलांऐवजी रेघांनी बनलेलं चित्र, पायऱ्यांचा प्रश्नच मिटतो. इंकस्केपमध्ये पाथ मेनूतलं ट्रेस बिटमॅप. त्याच्या आत पीटर सेलिंगर यांचं पोट्रेस हे ट्रेस करणारं सॉफ्टवेअर चालतं, आणि काळ्या-पांढऱ्या चित्रासाठी ते फार चांगलं आहे. ब्राइटनेस कटऑफ निवडा, स्पेकल्स वाढवा म्हणजे सुटे ठिपके गळतील, स्मूथ कॉर्नर्स थोडं. एज डिटेक्शनच्या वाटेला जाऊ नका, प्रत्येक कडेला दुहेरी रेघ मिळते.

एक गंमत सांगतो, सगळे इथे अडकतात. ट्रेस झाल्यावर वेक्टर मूळ चित्राच्या बरोब्बर वर येऊन बसतो आणि काहीच घडलं नाही असं वाटतं. बाजूला ओढा, खाली जुनं चित्र सापडेल. ते पुसा.

इलस्ट्रेटरवाल्यांसाठी: इमेज ट्रेसमध्ये पांढरं वगळायची खूण करा आणि मग एक्स्पांड. ती खूण करायची राहिली तर पांढरे आकारही फाइलमध्ये राहतात, आणि कटिंग मशीन तीच कडा दोनदा कापतं.

ट्रेसला जेपीईजी देऊ नका. काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर त्यात राखाडी चुरा असतो आणि तो सगळा वेक्टरमध्ये येतो. पीएनजी द्या.

सावलीतली

ट्रेस झाल्यावर नोड, म्हणजे रेघेवरचे बिंदू, मोजा एकदा. हजारो असतील तर सिम्प्लिफाय करून कमी करा, पण डोळे वगळून. सिम्प्लिफायने पहिला बळी डोळ्याचा जातो.

कागदी_घोडा

तंत्राच्या मधे नाक खुपसतो. फोटो तुम्हीच काढलात, सरांना विचारलंत, तर पुढचं तुमच्यासाठी नाही. पण इथे कुणी इंटरनेटवरचा फोटो उचलून 'रंग बदलला, आता माझा' म्हणणार असेल तर थांबा.

अमेरिकेतली दोन प्रकरणं अगदी याच जातीची आहेत. लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ साली गायक प्रिन्सचा फोटो काढला. त्यावरून चित्रकार अँडी वॉरहॉलने चित्रमालिका केली, त्यातलं एक नारिंगी. प्रिन्सच्या निधनानंतर २०१६ मध्ये ते एका मासिकाच्या मुखपृष्ठासाठी वापरायला दिलं गेलं. वॉरहॉल फाउंडेशनला १०,००० डॉलर मिळाले, गोल्डस्मिथना काही नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी गोल्डस्मिथच्या बाजूने कौल दिला. फोटोही मासिकांना चित्र म्हणून दिला जातो आणि हेही तसंच दिलं, मग वापराचा हेतू वेगळा कसा, असा मुद्दा होता.

उलट २०१४ मध्ये एका अपील न्यायालयाने टी-शर्टवाल्यांना सोडलं. त्यांनी एका महापौरांचा फोटो घेऊन पार्श्वभूमी काढली, छटा काढल्या, चेहरा हिरवा केला आणि महापौरांचीच थट्टा करणारा टी-शर्ट काढला. न्यायालयाचं म्हणणं, छायाचित्रकाराचं म्हणावं असं यात फारसं उरलेलंच नाही, राहिली ती चेहऱ्याची कडा आणि हसण्याची खूण.

म्हणजे किती छटा उडवल्या यावर सगळं ठरत नाही, चित्र कशासाठी वापरलं तेही बघतात. आणि देशोदेशीचे नियम वेगळे. विचारून घेणं सगळ्यात स्वस्त.

विनाकारण_वाचक

दुसरं प्रकरण नवीन कळलं. धन्यवाद, घोडेराव.

अर्धवट_रेघ

फोटो मीच काढलाय आणि सरांना विचारलंय, फक्त 'पोट दिसायला नको' एवढी अट होती. चष्मा हाय पासने आला, एका काडीला हाताने जोड दिला. फाइल छपाईला गेली, 'पांढरं ते छापायचं' असं मोठ्या अक्षरांत लिहून.

आता गटातल्यांना तोच चेहरा सरावाच्या खोलीतल्या भिंतीवर हवाय. भिंत पांढरी, रंग काळा. तीच फाइल उलटी करून पुठ्ठ्यातून कापली तर चालेल का? आणि गालावर थोडी राखाडी छटा आणायची काही युक्ती?

शाईचे_डाग

नुसती उलटी करून चालणार नाही. भिंत पांढरी असल्यामुळे आता सावल्या रंगवायच्या, म्हणजे पुठ्ठ्यातून काळे भाग कापून काढायचे. काळ्याने चारी बाजूंनी वेढलेलं प्रत्येक पांढरं बेट पुठ्ठ्यातून गळून पडेल. बुबुळातला ठिपका, दाढीतल्या बटा, चष्म्याची अख्खी काच, सगळं. त्यांना बाहेरच्या पुठ्ठ्याशी जोडणारे पूल ठेवावे लागतात. इंकस्केपमध्ये पांढरे पट्टे काढून काळ्यातून वजा करा. पूल सावलीच्या दिशेने वळवले तर ते सुरकुती किंवा केस म्हणून खपतात, आडवे-उभे टाकले तर लगेच उठून दिसतात. चष्म्याच्या काचेला नाकाच्या बाजूने एक आणि भुवईच्या बाजूने एक पुरेल. बुबुळातल्या ठिपक्याला पूल देऊ नका, नंतर पांढऱ्या रंगाने ब्रशने टेकवा.

मागचा पसाराही आता पुन्हा बदलतो. टी-शर्टसाठी काळी केलेली पार्श्वभूमी पांढरी करा, आणि केसांची जी कडा कापडात विरू दिली होती ती आता स्वच्छ कापावी लागेल.

राखाडीसाठी एकाच रंगात हाफटोन असतो, लहान-मोठे ठिपके. ते स्क्रीन प्रिंटिंगमध्ये ठीक. तिथेही जाळीचे धागे ठिपक्यांच्या ओळींच्या चौपट-पाचपट लागतात आणि २२.५ अंशांचा कोन दिला तर जाळीशी नक्षी जुळून येत नाही. हाताने कापायच्या पुठ्ठ्यात ठिपके म्हणजे शिक्षा. त्यापेक्षा गालाच्या सावलीची कडा एका जागी तिरक्या पट्ट्यांत मोडा, तीन-चार पुरे.

कापताना आधी डोळे आणि चष्म्याचे बारीक आकार, मग मोठे. उलट केलं तर पुठ्ठा मधेच लुळा पडतो. आणि स्प्रे भिंतीला काटकोनात धरून हलक्या थरांत मारा. तिरका मारला की रंग पुठ्ठ्याच्या कडेखाली शिरतो.